सोयरीक तोडली की कळवायचं नाही

माझ्या धाकट्या दिरांना आमच्या घरात जामीनदार म्हणतात. हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलेलं. माणसाने जन्मात कुणाच्या कर्जाला सही दिली नाही, लग्न केलं नाही, कधी साधी पैज लावली नाही, पण यंत्रांना जामीन राहण्यात निम्मी हयात घालवली. मी त्यांना भाऊजी म्हणते. तुमचे दीर करतात काय असं कुणी विचारलं तर मी सांगते, मेल पोचवतात. त्यावर लोक हसतात. मेल काय, आपोआप पोचतो! आपोआप म्हणे. आपोआप काही पोचत नसतं बाई, आणि हे मला ज्या तऱ्हेने कळलं त्या तऱ्हेने वैऱ्यालाही कळू नये.

घराच्या मागे, न्हाणीघराला लागून त्यांची खोली आहे. आधी तिथे रद्दी आणि मोडक्या खुर्च्या असायच्या. आता लोखंडी मांडणीवर दोन काळे डबे, एक पंखा, भिंतीवर तापमापक आणि दाराशी पायपुसणं. चपला बाहेर काढायच्या. मला तिथे झाडू मारायची परवानगी नाही, ते स्वतः ओल्या फडक्याने पुसतात. आमच्या भागातला दातांचा डॉक्टर, गाडी शिकवणारा, चार-दोन दुकानदार, एक शाळा आणि आम्ही घरचे, सगळ्यांचे मेलबॉक्स त्या डब्यांत. घरातल्या कुणी बाहेरच्या मोठ्या कंपनीचा पत्ता घेतला की भाऊजींच्या ते जिव्हारी लागायचं. माझ्या भाच्याने घेतला, तर कित्येक दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत.

त्यांचं म्हणणं असं, की जगातले निम्मे मेल म्हणजे कचरा आणि फसवणूक. मग कुठला आत घ्यायचा, कुठला नाही, हे ठरवायचं कुणी? मोठ्या कंपन्या म्हणतात, आम्ही ठरवतो, तुम्ही डोळे मिटून बसा. भाऊजींना ते पटायचं नाही. त्यांच्यासारखेच गावोगावचे काही हट्टी लोक एकत्र आले आणि त्यांनी आपली रीत घातली. ना अध्यक्ष, ना कचेरी, ना शिक्का. माझ्या यंत्राने कुणावर विश्वास ठेवायचा ते मी ठरवणार, तुझ्या यंत्राचं तू ठरव. अनोळखी यंत्राकडून मेल आला की माझं यंत्र आपल्या ओळखीतल्यांना विचारणार, काय हो, हा कसा आहे? दोघांनी चांगला म्हटलं की आत. आणि ज्याला तू चांगला म्हणालास तो लबाड निघाला, तर तुझाही शब्द हलका झाला. याला ती मंडळी आपसात सोयरीक म्हणतात.

सोयरीक फोनवर जुळत नसे. समोरच्याच्या खोलीत जाऊन बसायचं. यंत्राला हात कोण कोण लावतं, तारा कशा ठेवल्यात, माणूस बोलताना डोळ्यांत बघतो की नाही, सगळं पारखायचं. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले की मी छेडायची, "मुलगी बघायला की काय?" ते गंभीरपणे म्हणायचे, "वहिनी, मुलगी एका घरात जाते. हे यंत्र सगळ्यांच्या घरात जातं." घ्या! थट्टा म्हणून कळायची नाही त्या माणसाला.

त्यांचा एक नियम मात्र मला पहिल्यापासून खटकायचा. सोयरीक तोडली की समोरच्याला कळवायचं नाही.

"मग त्याला कळणार कसं?" मी एकदा विचारलं.

"कळू नये म्हणूनच तर. लबाडाला कळलं की तो वेष बदलून येतो. त्याला वाटू दे की आपले मेल पोचतायत. त्याच्याकडे पोचला अशीच खूण उमटते."

"आणि मेल जातो कुठे?"

"कुठेच नाही. आपण तो ठेवत नाही."

"आणि तो लबाड नसलाच तर?"

"तर येऊन विचारेल की. चांगला माणूस विचारतो."

मी म्हटलं, अहो, चांगली माणसंच विचारत नाहीत, ती रुसून बसतात. पण माझं ऐकतंय कोण! ते पुन्हा आपल्या पंख्याचा आवाज ऐकत बसले.

त्यांचा सगळ्यात जुना सोयरा म्हणजे चष्मेवाला. दोघे शाळेत एका बाकावरचे. बाजाराच्या रस्त्याला चष्मेवाल्याचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, त्याचं मेलचं यंत्र. त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, रक्त वगैरे तपासायची प्रयोगशाळा आणि तिला लागून डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, दोन्हींचं काउंटर एकच. भाऊजी सोडले तर त्या माणसावर कुणी रागावू शकत नसे, इतका तो गोड बोलायचा. भाऊजी त्याच्यावरही रागवायचे, तारा नीट बांधत नाहीस म्हणून.

आता माझं सांगते. माझ्या डाव्या छातीत एक गाठ हाताला लागली. आंघोळ करताना लागली, आणि मी पाणी तसंच सोडून किती वेळ उभी राहिले कोण जाणे. डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी हाताने पाहिलं, सुईने तुकडा काढला आणि शेजारच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथली काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काही असलं तर आठवड्यात मेल येईल. नाही आला तर समजा काही नाही. पुढच्या तपासणीला वर्षाने या." त्यांची ती रीतच होती. रोज किती लोक येणार, बऱ्या माणसांना कळवत कोण बसणार?

हे मी फक्त नवऱ्याला सांगितलं. दिरांना कसं सांगणार? एका चुलीवरचं खातो, एका छपराखाली म्हातारे होतोय, पण छातीतली गाठ काही दिरापुढे बोलायची गोष्ट नव्हे. आमच्या ह्यांनीही ताकास तूर लागू दिली नाही. ह्यांनी नुसतं बोलता बोलता जरी भावाला सांगितलं असतं! पण नाही. घरात सगळे कसे अगदी सभ्य.

त्याच आठवड्यात चष्मेवाल्याच्या यंत्रात घोळ झाला. तो बिचारा लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेलेला. त्याच्याकडच्या कुठल्या दुकानदाराने सोपा पासवर्ड ठेवला होता, तो चोरांनी ओळखला, आणि त्या यंत्रातून भराभर खोटे मेल सुटले. तुमचं पार्सल अडकलंय, इथे बोट ठेवा, असले. भाऊजींनी सकाळी ते पाहिलं आणि दुपारी जेवायला आलेच नाहीत. मी ताट घेऊन मागे गेले, तर खुर्चीत नुसते बसलेले.

"चष्मेवाल्याशी तोडली," ते म्हणाले.

"अहो, फोन करा की त्याला!"

"नियम नाही. त्याला सांगितलं तर उद्या सगळ्यांना सांगावं लागेल. साफ करेल, येईल, विचारेल. मग परत जोडू."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला त्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. सख्ख्या मित्राचीही गय केली नाही, याला म्हणतात सचोटी, असं मी ह्यांना रात्री कौतुकाने सांगितलं. वरच्या प्रयोगशाळेचे आणि डॉक्टरीणबाईंचे मेलसुद्धा त्याच यंत्रातून निघतात, हे मला ठाऊक नव्हतं. भाऊजींना ते ठाऊक होतं, पण घरातलं कुणी त्या मेलची वाट बघतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी रोज मेलबॉक्स उघडायची. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, काही नाही. आठवडा संपला तसा माझा जीव भांड्यात पडला. मी देवापुढे बसून रडले, मग तोंड धुऊन जेवायला गोडाचं केलं. भाऊजी म्हणाले, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, सहज. त्यांनी दोनदा मागून घेतलं.

चष्मेवाला परत आला, दोन दिवसांत त्याने यंत्र साफ केलं. बाकीच्यांनी हळूहळू त्याच्याशी पुन्हा जोडली, कारण त्यांची यंत्रंच अधूनमधून तपासत आणि निवळलेलं दिसलं की आपोआप परत जोडत. भाऊजींचं तसं नव्हतं. त्यांची सोयरीक हाताने जोडलेली आणि हाताने तोडलेली. ते वाट बघत होते, तो येऊन विचारेल म्हणून. आणि तिकडे तो मेल पाठवत होता, नातीचे फोटो, ख्यालीखुशाली, आणि एकाचंही उत्तर येत नव्हतं. विचारायचं काय, त्याला तर सगळे पोचल्याची खूण दिसत होती! तो रुसला. दोघंही दुखावलेले, दोघंही गप्प, आणि दोघांची घरं चालत जाण्याच्या अंतरावर.

इकडे गाठ वाढत होती. मला बोटाला कळत होतं. आधी वाटाण्याएवढी लागायची, मग मोठी, मग कुशीवर झोपताना टोचायला लागली. हे एकदा म्हणाले, पुन्हा दाखवून ये. मी खेकसले त्यांच्यावर. "मेल आला का? नाही ना? मग काही नाही ते. कशाला उगाच जिवाला घोर लावता?" बघा, कसं असतं. स्वतःचं बोट सांगतंय ते खोटं आणि न आलेला मेल खरा. दिराच्या यंत्रावर माझा केवढा विश्वास! दुसऱ्या कुणाचा मेलबॉक्स असता तर मी म्हटलं असतं, कुठेतरी अडकला असेल. जामीनदाराच्या घरात मेल अडकेल कसा?

ऋतू पालटला. माझ्या चष्म्याची काडी मोडली म्हणून मी बाजारात गेले. चष्मेवाल्याने काडी हातात घेतली, पण नेहमीसारखा हसला नाही.

"तुमचे दीर मोठे झाले, वहिनी," तो म्हणाला. "नातीचे फोटो पाठवले, एक शब्द नाही. बरं असो."

मला वाईट वाटलं. भाऊजींचा नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून मी त्याला सांगून टाकलं, की अहो, त्यांनी तुमच्याशी तोडलीय त्या घोळापासून, तुमचं काहीच आमच्याकडे येत नाही, तुम्ही विचारायची वाट बघतायत ते. तो कपाळाला हात लावून हसायला लागला. "इतके महिने? असा कसा हा माणूस!" मीही हसले. आणि हसता हसता तो म्हणाला, "मग वरच्या प्रयोगशाळेचेही अडकत असणार तुमच्याकडे. त्यांचं सगळं माझ्याच यंत्रातून जातं ना."

मी काडी बसवायलाही थांबले नाही, तशीच जिना चढले. काउंटरवरच्या मुलीने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. चष्म्याशिवाय मला धड दिसेना, तिनेच वाचून दाखवलं. मेल गेलेला होता. पोचल्याची खूण होती. डॉक्टरीणबाईंकडून मागाहून एक गेला होता, ताबडतोब भेटा म्हणून. तोही पोचलेला. त्या पोरीचा आवाज वाचता वाचता बारीक झाला, कारण आत काय लिहिलंय ते तिला कळत होतं.

घरी आले ती सरळ मागच्या खोलीत, चपला न काढता. भाऊजी उठून उभे राहिले.

"चष्मेवाल्याकडचे मेल कुठे जातात, भाऊजी?"

"कुठेच नाही. का हो?"

"त्यात दोन माझे होते."

पुढचं मी त्यांना सगळं सांगितलं, छाती म्हणताना लाजले नाही. लाज कसली आता! ओरडले, पायपुसणं भिरकावलं, तुमच्या सचोटीला आग लागो असंही म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की मलाच भीती वाटली, आता हे खाली पडतात की काय. पण म्हणून माझा राग गेला नाही. अजून गेलेला नाही. माणूस वाईट नाही म्हणून राग जातो असं थोडंच आहे?

डॉक्टरीणबाईंनी मला पाहून कपाळावर हात मारला. "मला वाटलं दुसरीकडे गेलात. पुष्कळ जणी जातात, सांगत नाहीत." मग त्यांनी काखेतही चाचपून पाहिलं. तेव्हाच आला असतात तर नुसत्या छोट्या शस्त्रक्रियेवर भागलं असतं, म्हणाल्या. आता आधी औषधं, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा तपासणी, आणि मग बघू. त्या 'बघू'वर आमचं सगळं घर टांगलेलं आहे.

औषधांनी केस गेले, तोंडाची चव गेली. भाऊजी रोज माझ्यासाठी भात मऊ शिजवायला शिकले. एक दिवस मी ओट्याशी टेकून बसले होते. ते ताट पुसत होते, पुसलेलंच पुन्हा पुसत होते.

"वहिनी, एक विचारू? त्या उशिराने फरक पडला का?"

दारातून आमचे हे मला डोळ्यांनी खुणावत होते, नाही म्हण, नाही म्हण. भावासाठी जीव तुटत होता ना त्यांचा. मलाही दिसत होतं. मी काही दगड नाही. पण प्रयोगशाळा गप्प, यंत्र गप्प, मित्र गप्प, आम्ही नवरा-बायको गप्प, आणि ह्या सगळ्या चांगल्या माणसांच्या गप्प बसण्याने माझं वाटोळं झालेलं. आता त्यात आणखी एक भर मी घालू?

"हो भाऊजी," मी म्हटलं. "पडला."

त्यांनी ताट जागेवर ठेवलं आणि मागे निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोन करायला घेतले. आधी चष्मेवाल्याकडे स्वतः जाऊन आले. मग आजवर ज्या ज्या यंत्राशी तोडली होती त्या प्रत्येकाला फोन. "नमस्कार, मी तुमचे मेल घेत नाही, कारण असं असं आहे." काहींनी शिव्या दिल्या. एक बाई रडली, तिला वाटत होतं बहिणीने नातं तोडलंय. आणि त्यात जे खरोखरचे चोर होते, ते वेष बदलून पुढच्या आठवड्यात परत आले. हे आमच्या ह्यांनी आधीच सांगितलं होतं. भाऊजींनी ऐकलं नाही.

त्यानंतर सोयऱ्यांपैकी कुणी कुणी भाऊजींशीच तोडली ते कुणालाच ठाऊक नाही. कारण कुणी कळवत नाही! दातांच्या डॉक्टरला लोकांची उत्तरं येईनाशी झाली. शाळेच्या सूचना पालकांना मिळेनात. भाऊजींनी जुन्या सोयऱ्यांना मेल करून विचारलं, माझं काही चुकलं का, आणि मेल पोचल्याची खूण बघत बसले. फोन केले तर माणसं गोड बोलली, छे छे, तसं काही नाही, म्हणाली. गाडी शिकवणारा ओशाळून येऊन सांगून गेला, की मी मोठ्या कंपनीकडे जातोय. मग शाळा गेली. आता त्या डब्यांत आम्हीच उरलोय, आणि पलीकडे चष्मेवाला. पंखा अजून चालू असतो. भाऊजी त्याच्यासमोर बसतात, आणि मला कळतं, की हा माणूस आता कुठल्याच शांततेवर विश्वास ठेवू शकत नाही.

मीही नाही ठेवत. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीचा निकाल यायचा होता तेव्हा काउंटरवरच्या मुलीने सवयीने म्हटलं, "मेल करू." मी म्हटलं, "नको बाई, मी इथेच बसते." हे औषधाच्या रांगेत खाली उभे होते. भाऊजी माझ्याशेजारी बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून, हात गुडघ्यांत दाबून. समोर भिंतीवर घड्याळ, खाली पाण्याचं पिंप, लोक हाक आली की आत जायचे, बाहेर यायचे, घरी जायचे. आमच्यामागून आलेले चार जण जाऊन आले. भाऊजी कुजबुजले, "वहिनी, उशीर होतोय म्हणजे कागद बघत असतील नीट." मी म्हटलं, "असतील."

एरवी मदतनीस हाक मारते. या वेळी दार उघडून डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाकावर माझ्या शेजारी.

"बरोबर कोण आलंय तुमच्या?"

"हे दीर. मिस्टर खाली आहेत."

"त्यांनाही वर बोलवा," त्या हळूच म्हणाल्या. "सगळेच आत या. बसून बोलू."

कुणालाही आत बोलावताना त्या असं बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी पदर सावरून उठले. भाऊजी उठले नाहीत. मान खाली घालून, बाकाची कड घट्ट धरून बसले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. इतक्या लोकांत. मी त्यांच्या दंडाला धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी हात लावला नव्हता.

"चला भाऊजी," मी म्हटलं, "ऐकून तरी घेऊ."